उभा क्रूस, तिरकी फुली

१० मार्च, सोमवार

चि. सौ. गुंडीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल, रविवार, ९ मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, तुझ्या आईच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, घरातल्या आम्हा तिघांसमोर तू पाठवलेलं स्क्रॅपबुक उघडलं आणि पहिल्याच पानावर तुझ्या आजीचा शिरच्छेद झालेला आढळला. वेळ मी तुझ्या बाबांना विचारून लगेच नोंदवून घेतली, कारण अशा गोष्टी मागाहून नाकारल्या जातात.

पुढचं पान उलटलं, तर कुत्रा गायब. त्याची साखळी तुझ्या बाबांच्या हातात तशीच आहे आणि दुसऱ्या टोकाला तू जांभळं फुलपाखरू चिकटवलं आहेस. बाबा म्हणाले की आपण फुलपाखराला फिरायला नेत होतो हे काही आपल्याला आठवत नाही. ते असा विनोद करतात तेव्हा त्यांना लागलेलं असतं, हे तुला लेक म्हणून माहीत असावं.

मग गच्चीवरचा फोटो. मी खुर्चीवर, शेजारी तुला मांडीवर घेऊन तुझी आई, पलीकडे बाबा. माझ्या खुर्चीमागे तुझे धाकटे काका उभे होते. आता तिथे निळा कागद आहे आणि त्यावर चंदेरी ढग. काका कापले गेले, पण खुर्चीच्या पाठीवर त्यांची चार बोटं राहिली आहेत. तुझ्या आईने मला बोट ठेवून दाखवली. चार बोटं, बिनमालकाची. बाबांनी एवढंच विचारलं की आपला भाऊ कुठे गेला. केक तसाच राहिला. आज सकाळी तो कामवालीला दिला.

घरातले सगळे फोटो काकाच काढायचे, म्हणून ते कुठल्याच फोटोत नाहीत. या एकात आहेत, कारण त्या दिवशी त्यांनी कॅमेरा शेजारच्या दंतवैद्याच्या हातात दिला होता. दुसरा फोटो नाही. ऑफिसच्या ओळखपत्रावरचा होता, तो ओळखपत्राबरोबर गेला.

तू कापाकापी करणारी आहेस हे ठाऊक असल्यामुळेच मी प्रत्येक फोटोवर ट्रेसिंग पेपर लावून, प्रत्येक माणसाची बाह्यरेषा काढून, आत नातं लिहून पाठवलं होतं. मी आयुष्यभर ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. माझ्या शीटवरून पूल उभे राहिले आणि त्यातला एकही नदी सोडून भलतीकडे गेला नाही. तुला हाताएवढं चौकोनी पान सांभाळता आलं नाही.

आता कामाचं. कापलेले तुकडे, सगळे, आहेत त्या स्थितीत, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून कुरियरने पाठव. आजी नसली तरी चालेल, आजीचा मोठा फोटो भिंतीवर आहे आणि अजून आमच्यावर लक्ष ठेवून आहे. काका हवेत. कारण सांगते, पण ते तुझ्यापाशीच ठेव. तुझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी, २४ तारखेला आहे. पडद्याला भोक पडलं आहे. तुला कळवू नये असं तिने मला बजावलं आहे, तेव्हा फोन करून तिला छळू नकोस. त्याआधी तिला तो फोटो एकदा नीट बघायचा आहे.

मलाही फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मग मला चिडायचं होतं हे मी विसरते. जे काय सांगायचं ते लिहून पाठव.

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज जरा हात आखडता घेऊन,
मावशी


१३ मार्च, गुरुवार

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आधी आईचं सांग. पडद्याला भोक म्हणजे काय? कोणत्या डोळ्याला? मागच्या महिन्यात तर ती फोनवर म्हणाली की स्वेटर विणतेय. तू सांगितलंस म्हणून तिला विचारलेलं नाही, पण रात्री डोळा लागत नाही.

मावशी, तू मला हवं तेवढं बोल, पण मी ते माझ्या मनाने कापलं नाही. तुझ्या ट्रेसिंग पेपरवर आजीच्या डोक्यावर फुली होती. कुत्र्यावर फुली होती. काकांच्या चेहऱ्याच्या वरच्या बाजूला फुली होती. आमच्या स्क्रॅपबुकच्या कामात फुली म्हणजे हा भाग काढा. ज्याच्यावर फुली तो कापायचा, बाकीचं पानावर बसवायचं. मी माझ्या शिकवणीतल्या बायकांना पहिल्या दिवशी हेच शिकवते.

आजीवर फुली बघून मी थबकले होते. पण आईचं आणि आजीचं कधी पटलं नाही हे जगजाहीर आहे; मला वाटलं, पंचाहत्तरीच्या दिवशी तरी सासूबाई नकोत असं आईने तुला सांगितलं असेल. कुत्र्याचं म्हणशील तर त्याने तुझी चप्पल खाल्ली ती गोष्ट तू दर सुट्टीत सांगायचीस. आणि काकांना मी पाहिलेलंच नाही गं. मी तेव्हा पाळण्यात होते. घरात त्यांचं नाव निघालं की तू उठून स्वयंपाकघरात जातेस. मला वाटलं, तुमच्यात काहीतरी भांडण असावं.

आणि मी आधीच विचारलं होतं, मूळ फोटो कशाला, कॉपी काढून लावते. तू म्हणालीस की नकला करण्यात तुझा जन्म गेला, आता या घरात अस्सलच लागेल. म्हणून मी स्कॅनसुद्धा केलं नाही.

सोबत गच्चीच्या फोटोचा ट्रेसिंग पेपर पाठवतेय. तूच बघ. फुलीच आहे, नीट तिरकी.

आता वाईट बातमी. कापलेले तुकडे मी फेकत नाही. ते खोक्यात टाकते आणि शनिवारच्या शिकवणीत बायका त्यातून घेतात. कोणी पंचने गोल पाडतं, कोणी पाकळ्या. तुझे तुकडे खोक्यात पडून एक शिकवणी होऊन गेली आहे. आज सकाळी मी खोकं जमिनीवर ओतलं आहे. ह्यांना म्हटलं, दोन दिवस या खोलीत पाय ठेवायचा नाही, पंखा लावायचा नाही. ते बाहेरच्या खोलीत घाम पुसत जेवले. मी एकेक कपटा उलटून बघतेय. मिळतील. मिळायलाच हवेत.

एक विचारू? तुझ्या पत्रातल्या ओळी उजवीकडे खाली घसरत गेल्या आहेत आणि शेवटच्या दोन एकमेकींवर चढल्या आहेत. तुझं अक्षर तर छापल्यासारखं असायचं. बरी आहेस ना?

माझ्यावर रागावलीस तरी मला टाकू नकोस,
तुझी गुंडी


१५ मार्च, शनिवार

चि. सौ. गुंडीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझ्या अक्षराची चौकशी करू नकोस. पेन नवीन आहे आणि टेबल डुगडुगतं.

फुली! मला शाळेत सिस्टरांनी शिकवलं ते या वयात तू पुसायला निघालीस. आमच्या शाळेच्या प्रार्थनाघरात भिंतीवर जुन्या सिस्टरांच्या नावांची पाटी होती. जी गेली, तिच्या नावापुढे छोटा क्रूस. मदर सुपिरिअर स्वतः शिडीवर चढून रंगवायची आणि शिडी धरायला मला बोलवायची. तेव्हापासून माझ्या पत्त्यांच्या वहीत, जुन्या फोटोंमागे, सगळीकडे गेलेल्या माणसाला क्रूस. त्यात अपमान नाही, उलट आदर आहे. कुत्र्यालाही दिला, कारण चप्पल खाल्ली तरी तो गेला.

आणि ड्रॉइंग ऑफिसातली बाई आहे मी. फुली म्हणजे रद्द, हे तू मला सांगणार? रद्दची फुली तिरकी असते. क्रूस उभा असतो. एक रेघ उभी, एक आडवी, आडवी जरा वर. मी ओळंब्यात काढला होता. तू पाठवलेला कागद मी पाहिला. तो उभाच आहे. तुला तिरका दिसत असेल तर तू पान तिरकं धरलंस.

तुमच्यात भांडण असावं म्हणे. भांडण असतं तर मी त्यांचं नाव निघाल्यावर तिथेच बसून भांडले असते. उठून कशाला गेले असते?

आता खरं सांगते, नुसतं रागावून माझं भागेनासं झालं आहे. डॉक्टर म्हणाले की दुसरा डोळा तर गेल्यातच जमा, याच्यावरच सगळं आहे. ऑपरेशननंतर आठवडाभर पालथं पडून राहायचं, उशीत तोंड खुपसून. मग डोळा उघडल्यावर काय दिसेल, किती दिसेल, याची हमी ते देत नाहीत. मी विचारलं, माणसांचे चेहरे? तर म्हणाले, आजी, आशा ठेवा. आशा ठेवा म्हणजे काय ठेवा? मी कुणाची आजी नाही, हेही त्यांना सांगून आले.

तुझ्या आईसाठी विचारलं हे.

खोकं पुन्हा बघ. केरसुणीत बघ. बायकांच्या पिशव्या बघ. लाजू नकोस. तुला लाज वाटत असेल तर त्यांचे पत्ते मला पाठव, मला वाटत नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघत बसलेली,
मावशी


१५ मार्च

चि. गुंडीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बाबा गुपचूप टाकणार आहेत. मावशीला कळता कामा नये.

पहिली गोष्ट, माझे डोळे ठणठणीत आहेत. स्वेटर तुझ्यासाठीच आहे, बाह्या राहिल्या आहेत. ऑपरेशन मावशीचं आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा तिने मला हाक मारली, म्हणाली चष्मा कुठे ठेवला सापडत नाही, जरा वाचून दाखव. चष्मा तिच्या नाकावर होता. मी वाचायला लागले. पहिल्याच ओळींत माझ्याच डोळ्याच्या पडद्यातल्या भोकापाशी आले. मावशी खिडकीकडे तोंड करून बसली होती, तिची मान लाल झालेली मला मागून दिसली. मग मी तशीच पुढे वाचत गेले, जणू काही मला ठाऊकच होतं. तीही खिडकीबाहेर बघत ऐकत राहिली. आम्ही दोघी अशाच आहोत.

तू पाठवलेला कागद तिने डोळ्याला लावून, लांब धरून, दिव्याखाली नेऊन बघितला. मग मला विचारलं, उभाच आहे ना. गुंडी, तो तिरका आहे. सगळे तिरके आहेत. तिला उभी रेघ मध्येच वाकलेली दिसते म्हणून ती हात दुसरीकडे वळवून काढते, आणि तिला वाटतं सरळ आली. गेल्या महिन्यात स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाकली म्हणून तिने सुतार बोलावला. त्याने चौकट सरळ आहे म्हटल्यावर त्यालाच झापलं. मी म्हटलं, हो गं, उभाच आहे. आता हे तिला तू सांगायचं नाहीस आणि मीही सांगणार नाही.

तुझ्या काकांचं. ते आणि मावशी एकाच ऑफिसात होते. ते पेन्सिलने नकाशा काढायचे, ती वर ट्रेसिंग पेपर लावून शाईने गिरवायची. आमच्याकडे ते दोघं जेवायला आले की वाद एकच, तिने त्यांची चूक परस्पर सुधारली म्हणून ते चिडायचे आणि चूक होतीच म्हणून ती चिडायची. याच्यापुढे काय होतं ते तिने मला कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. ते तापाने गेले तेव्हा त्यांचा एक पूल अर्धवट राहिला होता. तिने रजा घेतली नाही. तो नकाशा तिने एकटीने पुरा केला आणि खाली काढणाऱ्याच्या जागी नाव त्यांचंच ठेवलं. त्यानंतर तिला दोन स्थळं आली. दोघांचंही नाक तिला आवडलं नाही.

तो फोटो ती रोज बघायची असं नाही. कपाटात असायचा. पण कपाटात आहे हे तिला माहीत असायचं. तुला पाठवताना तिने तो तीनदा पाकिटात घातला आणि दोनदा काढला. माझ्यासाठी म्हणून पाठवला.

परवापासून ती नीट जेवत नाही. काल पहाटे बघितलं तर डोळे मिटून अंथरुणात बसली होती आणि हवेत बोटाने काहीतरी काढत होती.

जमेल ते कर, पण लवकर कर. फोन करू नकोस, ती उचलते.

तुझ्यावर जीव असलेली,
आई


१७ मार्च, सोमवार

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काका सापडले. पण कसे, ते ऐक आणि बसून ऐक.

खोक्याच्या तळाशी त्यांचा सदरा मिळाला. खांदे, वरचं बटण, खाली खुर्चीची कड. वर डोकं असायचं तिथे गोल भोक. पंचने पाडलेलं, काठ अगदी गुळगुळीत.

त्या मापाचा पंच माझ्याकडे एकच आहे आणि त्या शनिवारी तो आमच्या शिकवणीतल्या वकीलबाईंनी दिवसभर सोडला नव्हता. त्या नातवंडांसाठी अल्बम करतात. मी रिक्षा करून तडक त्यांच्या घरी गेले. त्यांनी आधी माझी उलटतपासणी घेतली, मग म्हणाल्या की खोक्यात टाकलेली वस्तू म्हणजे सोडून दिलेली वस्तू. मी म्हटलं, माझ्या मावशीची आहे. तुझं नाव न घेता तू बोलतेस तशी चार वाक्यं बोलले. तुझा आवाज माझ्या तोंडून निघाला, मलाच भीती वाटली. त्यांनी मुकाट्याने पान काढून दिलं.

पानावर एक फूल आहे. गुलाबी पाकळ्या आणि मध्ये गोल. तो गोल म्हणजे काका. पण पालथे. फोटोच्या पाठीचा तो जुना चहासारखा रंग त्यांना आवडला, म्हणून त्यांनी पाठ वर ठेवून चेहऱ्याला डिंक लावला. दिव्यासमोर धरलं तर आत काहीतरी गडद दिसतं. केस असावेत.

डिंक साधा नाही, पक्का बसणारा आहे. मी स्वतःच त्यांना तो घ्यायला सांगितला होता. वाफेने सुटतो असं डब्यावर लिहिलं आहे. आधी एका निकामी फोटोवर करून बघते. जमलं तर उद्याच सोडवून पाठवते, म्हणजे २४च्या आत आईला बघायला मिळेल. तिच्या डोळ्यांसाठी एक दिवससुद्धा वाया घालवायचा नाही असं मी ठरवलं आहे.

तू मात्र वेळेवर जेव. आईची काळजी घ्यायला तू धड हवीस.

तुझी,
गुंडी


१८ मार्च, मंगळवार, दुपार

गुंडी,

वाफ नको. हात लावू नकोस.

ते जुने कागद ओले झाले की वरचा थर सुटतो. आमच्या ऑफिसात पावसाळ्यात गळती लागली तेव्हा अख्ख्या साइटचे फोटो असे गेले. फूल आहे तसं, पानासकट पाठव. पालथे असले तरी चालतील. मला ते आत आहेत हे माहीत असलं की पुरे. आईला, म्हणजे.

बाबा हे पत्र घेऊन धावत कुरियरवाल्याकडे निघाले आहेत. त्यांच्या गुडघ्यांची तरी दया येऊ दे आणि थांब.

मावशी


१८ मार्च, मंगळवार, संध्याकाळ

ती. मावशीस,
सा. न.

कसं लिहू ते कळत नाही म्हणून सरळ लिहिते.

निकामी फोटो छान सुटला होता. तो नवीन कागद होता. सकाळी मी ते फूल वाफेवर धरलं, कड सुटली, मी चिमट्याने अलगद ओढलं आणि कागद हातात आला. फक्त कागद. चित्र डिंकाबरोबर पानावरच राहिलं आणि मी बघेपर्यंत ते विरघळून पसरलं. मी वाफ बंद केली, फुंकर घातली, टिपकागद लावला. टिपकागदावर तपकिरी डाग आला. एक कान राहिला आहे. कान आणि त्याच्या मागचे थोडेसे केस.

फोटो दुरुस्त करणाऱ्या दोघांना विचारलं. दोघंही म्हणाले की नसलेलं दुरुस्त करता येत नाही.

मी थांबायला हवं होतं. तुला विचारायला हवं होतं. पण २४ तारीख डोळ्यांसमोर होती आणि मला वाटलं, पत्र येण्याजाण्यात तीन दिवस जातील, तेवढ्यात तिला एकदा तरी बघता येईल. मला ते तिच्या हातात ठेवायचं होतं गं. स्वतःच्या हाताने येऊन ठेवणार होते, गुरुवारच्या गाडीचं तिकीटही काढलं होतं.

कान आणि सदरा पुठ्ठ्यात घालून सोबत पाठवतेय. मी येऊ का नको ते सांग. आले तर दारातूनच परत पाठवलंस तरी चालेल.

तुझ्या पायांशी,
गुंडी


२० मार्च, गुरुवार

चि. गुंडीस,
अनेक आशीर्वाद, या वेळी पूर्ण.

पुठ्ठा मिळाला. तुझ्या आईने उघडला. कान काकांचाच आहे.

तुझं पत्रही तिनेच मला वाचून दाखवलं. मध्यावर तिचा आवाज गेला, तिथून बाबांनी वाचलं. बाबांना अडखळत वाचताना ऐकणं ही वेगळी शिक्षा आहे. तेव्हा आता नाटक पुरे. ऑपरेशन कोणाचं ते तुला आईने कळवलेलंच आहे. १५ तारखेला बाबा काही कारण नसताना शीळ घालत पोस्टाकडे गेले, तेव्हाच मी ओळखलं होतं. या घरात एकाला खोटं बोलता येत नाही आणि दुसरीला फार चांगलं येतं. मी तिसरी.

तुला ओरडायचं म्हणून मी हे पत्र काल सुरू केलं होतं. ते फाडलं. तू वाफेवर घाई का केलीस ते मला कळलं आहे, आणि ते कळल्यावर ओरडता येईना, म्हणून तुझा जास्तच राग आला.

आता मी सांगते ते नीट ऐक. कागद आहे, या भरवशावर मी तो चेहरा कधी पाठ केला नाही. माझ्या कामाची सवयच तशी. शीट कपाटात असली की डोक्यात ठेवायची गरज नसते. आता गेले काही दिवस मी डोळे मिटून तो काढायला बसते, तर भांग कधी डावीकडे पडतो, कधी उजवीकडे. भुवया काढल्या की त्या तुझ्या बाबांच्या होतात. भाऊच ते, होणारच. पण मला बाबा नको आहेत. बाबा रोज दिसतात आणि शिवाय घोरतात.

बाबांना विचारलं, तर म्हणाले, देखणा होता. तुझ्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, साधाच होता. यांच्या साक्षीवर मी पूल बांधायचा का?

तू त्यांना पाहिलं नाहीस असं तू लिहिलंस. पाहिलंस. कापताना तू त्या चेहऱ्याच्या कडेने पातं फिरवलं आहेस. तुम्ही बायका ते भिंगाखाली, श्वास रोखून करता, मी तुझ्याकडे बघितलं आहे. या जगात तो चेहरा इतक्या जवळून आणि इतक्या सावकाश शेवटचा बघणारी तू आहेस. तुझ्या हाताला तो ठाऊक असणार. बसून आठव.

मला पुढील गोष्टी लिहून हव्यात. भांग कोणत्या बाजूला. कपाळ किती उंच. मिशी होती की नव्हती. मला वाटतं त्या महिन्यात त्यांनी ठेवायला घेतली होती आणि मी हसले होते. दोन भुवयांत फरक होता का. हनुवटी वर उचललेली होती की नाही. तोंड मिटलेलं होतं की काही बोलत असताना दंतवैद्याने कळ दाबली. आणि हसत असतील, तर ते कॅमेऱ्यासाठी हसत होते की आपोआप. हा फरक तुला ओळखता येतो, दिवसभर तू तेच करतेस.

देखणा, रुबाबदार, प्रेमळ, असले शब्द नकोत. हरवलेल्या माणसाची जाहिरात देतात तसं लिही. आठवत नसेल तिथे 'आठवत नाही' असं लिही. माझं समाधान व्हावं म्हणून एक अक्षरही आपल्या पदरचं घालू नकोस. घातलंस तर मला कळेल, आणि मग मला खऱ्यावरही विश्वास ठेवता येणार नाही.

काळ्या शाईने लिही. अक्षर तुझ्या करंगळीच्या पेराएवढं, ओळीओळीत दोन बोटांचं अंतर, एका कागदावर चार ओळींच्या वर नाही. कितीही कागद लागले तरी चालतील. हे पत्र कोणी मला वाचून दाखवणार नाही. तुझी आई वाचताना रडते आणि मग शब्द तिचे होतात. हे मी वाचणार आहे. भिंग आहे, खिडकीत सकाळचा उजेड चांगला येतो आणि एका डोळ्यात अजून तेवढं शिल्लक आहे.

तू ये किंवा येऊ नकोस. आलीस तर दार उघडलं जाईल. पण तोंडी काही सांगायचं नाही. तोंडी सांगितलेलं सोमवारनंतर माझ्याजवळ उरेल याची मला खात्री नाही. वाचलेलं उरतं.

लोभ आहे. त्यात काही कमी झालेलं नाही, एवढं लक्षात ठेवून लिहायला बस. तुझं लेखी उत्तर शनिवारी, २२ मार्चला, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

मावशी